तुम्ही विचारलंत म्हणून: चँडलर-मोनिकाच का?

'फ्रेंड्स' या अमेरिकी टीव्ही मालिकेचा विषय निघाला की हमखास कोणीतरी विचारतंच, सगळे त्यातल्या रॉस-रेचल या जोडीवर जीव टाकतात, तुला चँडलर आणि मोनिकाच का आवडतात? तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, १९९९ मधले सहाव्या सीझनच्या सुरुवातीचे एपिसोड, ज्यात दोघं एकत्र राहायचं ठरवतात. व्हेगासला लग्न करता करता राहिलेलं असतं, मग म्हणतात निदान एका घरात तरी राहू. आणि चँडलरला जायचं कुठे, तर पॅसेज ओलांडून समोरच्या दारात! तरी दोघांचा जीव टांगणीला.

मोनिकाच्या रूममेटची, म्हणजे रेचलची खोली रिकामी होणार, तिचं काय करायचं यावरून भांडण होतं. मोनिकाला पाहुण्यांसाठी खोली हवी, ह्याला गेम रूम. वरवर फालतू वाटतं, पण मला तिथे कळतं की त्याला खरं विचारायचंय, हे घर आता माझंही आहे ना? पुढे एकदा तिला खूश करायला तो सगळं घर साफ करतो आणि मग घाबरतो, कारण वस्तू परत जिथल्या तिथे गेल्यात की नाही काय माहीत, आणि मोनिकाच्या घरात ते चालत नाही.

पण मला सगळ्यात जास्त लागतं ते मागे राहणाऱ्यांचं. हे दोघं एकत्र येतात म्हणून दोन घरं मोडतात ना. आपला रूममेट जोई एकटा भाडं कसं भरणार ही काळजी चँडलरला, जोई पैसे घेईना, मग हा 'कप्स' नावाचा पत्त्यांचा खेळच बनवतो, नियम तोंडाला येतील तसे, का तर जोईला जिंकवता यावं! आणि मोनिका-रेचल शेवटच्या रात्री आधी कडाकडा भांडतात मग रडतात. आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमधली रूममेट लग्न करून गेली तेव्हा सगळे तिलाच विचारायचे नवीन घर कसंय, आणि आम्ही तिच्या रिकाम्या कपाटाकडे बघत बसायचो, आम्हाला कोण विचारणार. हा एपिसोड विचारतो.

रॉस-रेचलचं प्रेम खरंच आहे, पण त्यांच्या भांडणात बाकीच्यांची फरफटच होते. हे दोघं स्वतः घाबरलेले असूनही जोई-रेचलला विसरत नाहीत. म्हणून हे दोघं.