निशाणी बांगडी

आमच्या घरच्या वंशावळीत सात पिढ्यांची नावे आहेत, परंतु त्यांत एकाही स्त्रीचे नाव नाही. पणजी ऐन तारुण्यात विधवा झाली आणि तिने दोन मुलगे वाढवले, एवढेच आजोबा सांगत. तिचे नाव त्यांच्या पश्चात कोणालाच सांगता येईना. ते शोधण्यासाठी मी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करून माण तालुक्यातील आमच्या गावच्या जुन्या नोंदींच्या नकला मागितल्या.

आधी मिळाली ती गाव नमुना 14 ची, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची नक्कल; तिलाच कोतवाल बुक म्हणतात. ती संपूर्ण मोडी लिपीत असल्यामुळे शोध थांबवून मला मोडी शिकावी लागली आणि त्यात सहा महिने गेले. आधी आखलेल्या रेघेला लटकणारी अक्षरे, शब्दांमध्ये न सोडलेली जागा, न पाळलेले ऱ्हस्व-दीर्घ, हे सारे डोळ्यांच्या सवयीचे झाल्यावरही गावचे दप्तर लिहिणाऱ्या कुलकर्ण्यांचे घाईचे अक्षर लागायला आणखी बरेच दिवस लागले.

1918 च्या ऑक्टोबरपाशी मी थबकलो. एरवी महिन्याला दोन-तीन मृत्यू नोंदवणाऱ्या त्या वहीत नावांची ओळ संपत नव्हती आणि कारणाच्या रकान्यात सर्वत्र ‘ताप’ एवढाच शब्द होता. ती इन्फ्लुएंझाची साथ होती. त्या ओळीत पणजोबा होते, आणि चार दिवसांनंतरच्या नोंदीत त्यांची ‘मुलगी, वय दीड वर्ष’. नाव लिहिलेले नाही. आजोबांना बहीण होती, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

पणजीचे नाव फेरफाराच्या, म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदलाच्या, नोंदीत सापडले. वारस म्हणून दोन मुलगे, त्यांच्यापुढे ‘अ.पा.क. आई’, म्हणजे अज्ञान (अल्पवयीन) मुलांची पालनकर्ती, आणि मग ‘यमुना कोम’ असे लिहून पणजोबांचे नाव. ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. नाव मिळाले की नक्कल मिटून ठेवण्याचा मोह होतो, पण माझ्या मते खरे वाचन तिथून पुढे आहे. अकरा एकर जिरायत आणि विहिरीत चार आणे, म्हणजे पाव हिस्सा, या एका ओळीतून मला कळले की पाण्याची पाळी तिला चार दिवसांतून एकदाच मिळत असणार.

त्यानंतर घरातील पत्र्याच्या पेटीतला, आजवर कोणी न वाचलेला कागद मी उलगडला. तो 1919 चा, 60 रुपयांचा कर्जरोखा होता. आदल्या वर्षी पाऊसही गेला होता, त्यामुळे ‘बैल व बी-बियाणे यांकरिता’ हे कारण वेगळे समजावून घ्यावे लागले नाही. खाली सहीच्या जागी ‘निशाणी बांगडी’, म्हणजे लिहिता न येणाऱ्या बाईची खूण, असे लिहून शेजारी एक लहानसे वर्तुळ काढलेले आहे. कागदाच्या पाठीवर 1926 सालची, सावकाराच्या हातची नोंद आहे: ‘मुद्दल व व्याज भरून पावलो.’