कापाब्लांकाचा राजा

बुद्धिबळात ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या, चाली पाठ करणं मी हल्ली जवळजवळ सोडलंय. त्यापेक्षा क्यूबाचा विश्वविजेता कापाब्लांका याचे एंडगेम, म्हणजे मोजकीच मोहरी उरलेले शेवटचे टप्पे, पटावर मांडून बसतो. चाली सुचवणारं संगणकाचं इंजिन बंद, मोबाईल दुसऱ्या खोलीत.

सध्या न्यूयॉर्कच्या १९२४ च्या स्पर्धेतला, तार्ताकोवर या खेळाडूविरुद्धचा त्याचा डाव मांडलाय. दोघांकडे एकेक हत्ती आणि थोडी प्यादी. पस्तिसाव्या चालीला कापाब्लांकाचा पांढरा राजा जी३ या घरावर येतो आणि सी३ वरचं प्यादं शहासकट मारू देतो. मग एफ४ वरचंही, तेही शहासकट! राजा मात्र एच४, जी५ करत थेट एफ६ वर. गंमत म्हणजे वाटेतलं एफ५ वरचं काळं प्यादं तो मारतच नाही, कारण तेच त्याला काळ्या हत्तीच्या शहांपासून आडोसा देतं. (मी असतो तर आधी तेच गिळलं असतं.)

माझी पद्धत साधी: पुढची चाल झाकायची, स्वतःची कागदावर लिहायची, मगच बघायची. त्याच स्पर्धेत रेती नावाच्या खेळाडूने कापाब्लांकाला हरवलं होतं. १९१६ नंतरचा कापाब्लांकाचा तो पहिलाच पराभव. पुढचा नंबर त्या डावाचा.