हुकर साहेबांच्या वाटेवर, जीपने

उत्तर सिक्कीममधल्या युमथांगच्या जीपमध्ये बाकी सगळे बर्फासाठी निघाले होते, मी गुरांससाठी. ऱ्होडोडेंड्रॉनला तिकडे गुरांस म्हणतात. लाचुंग मागे पडलं की चढण लागते आणि शिंगबा अभयारण्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांना लाल, गुलाबी, पिवळसर पांढरी झुडपं सुरू होतात. मे महिना असल्याने फुलांचा नुसता बहर होता. ‘दाजू, जरा थांबवा ना,’ असं ड्रायव्हरला म्हणत मी उतरलोच.

जोसेफ डाल्टन हुकर हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ या खोऱ्यात 1849 साली आला, पायी. जन्म 1817, इंग्लंडातल्या सफोकचा. वडील विल्यम हे लंडनच्या क्यू उद्यानाचे संचालक. पुढे ती खुर्ची यालाच मिळाली. पण 1848 च्या ऑक्टोबरात दार्जिलिंगहून पूर्व नेपाळकडे निघाला तेव्हा हा तिशीतला पोरगा होता आणि बरोबर 56 माणसांचा तांडा. सिक्कीमच्या पावसात झाडं वाळवायची म्हणजे काय दिव्य असेल! कागद ओला राहिला की नमुना काळा पडतो, बुरशी धरते.

रस्त्याकडेला गुरांसाची थॉमसोनाय ही जात भेटली. गर्द लाल, मेणासारखी घंटा, देठापाशी फिकट वाटी. फांदी हळूच वाकवली तर फुलातून मध ओघळून बोटांवर आला. थॉमसन हा हुकरचा डॉक्टर मित्र. डलहौसीबाई, फाल्कनर, हॉजसन यांचीही नावं त्याने गुरांसांना दिली. ज्यांच्या पाठीवर ही सगळी झाडं उतरली त्या लेपचांपैकी, म्हणजे सिक्कीमच्या मूळ रहिवाशांपैकी, कुणाचं नाव त्या यादीत मला सापडत नाही, आणि ते खटकतं. कॅम्पबेलबाईंच्या नावाची जात मात्र पुढे शास्त्रज्ञांनी दुसऱ्या जातीत विलीन केली.

तरी माणूस नजरेचा पक्का. हॉजसोनायची पानं लोक ताटासारखी वापरतात, दही-लोणी त्यात बांधून भेट देतात, हे त्याने टिपून ठेवलंय. आपल्या पत्रावळीचीच भावंडं! उंचावरच्या उग्र वासाच्या बुटक्या गुरांसांमुळे डोकं दुखतं, असं स्थानिक म्हणत, हेही त्याने लिहिलंय. आमच्या जीपमधल्या काकूंनी मात्र डोकेदुखीचं खापर वळणांवर फोडलं.

नोव्हेंबर 1849 मध्ये चो ला खिंडीकडून परतताना सिक्कीमच्या दिवाणाच्या माणसांनी त्याचा सोबती, दार्जिलिंगचा सुपरिंटेंडेंट कॅम्पबेल, याला पकडलं. हुकरही त्याच्यासोबतच अडकला. डिसेंबरात सुटका झाली. इंग्रजांनी मात्र त्याचं निमित्त करून सिक्कीमचा तराई मुलूख गिळला आणि दार्जिलिंगपोटी राजाला मिळणारे वर्षाचे 6000 रुपयेही बंद केले. फुलांच्या मोहिमेचा हा हिशेब युमथांगला फोटो काढणाऱ्या कुणाच्या गावीही नसतो.

ब्रिटिश हिंदुस्थानातल्या वनस्पतींची त्याची सात खंडांची जंत्री 1872 ते 1897 अशी निघत राहिली. आपल्या डोंगरांतलं सेरोपेजिया लॉई हे कंदीलपुष्प त्यातच पहिल्यांदा नोंदलं गेलं, मुंबई इलाख्यातले अधिकारी लॉ यांच्या नावाने. नंतर कित्येक दशकं ते कुणालाच दिसलं नाही. 1970 च्या दशकात हरिश्चंद्रगडावर पुन्हा सापडलं. पावसाळ्याच्या शेवटाला तिकडे जाणार असाल तर बघा, पण उपटू नका. त्याचा कंद जमिनीत राहिला तरच पुढच्या पावसात ते उगवतं.