मोटरसायकलच्या तारांच्या (स्पोकच्या) मागच्या चाकातली ट्यूब काढली: सहा आठवड्यांची नोंद

चाक 17 इंची, 36 स्पोकचं. टायर 120/90-17, बाजूवर ठळक ‘टीटी’, म्हणजे ट्यूब घालूनच वापरायचा. पुढे 90/90-21. रॉयल एनफील्ड हिमालयन 411 ची हीच मापं, त्यामुळे बऱ्याच जणांना उपयोग होईल. खटाटोप कशासाठी, तर ट्यूबला खिळा लागला की हवा वॉल्व्हच्या भोकातून आणि निपलांच्या (स्पोक रिममध्ये आवळणाऱ्या नटांच्या) फटींतून एका दमात जाते. ट्यूब नसेल तर खिळा रबरात घट्ट रुतून राहतो, हवा हळूहळू जाते आणि चाक न उतरवता पट्टी मारून पुढे निघता येतं. त्यासाठी रिमच्या आतून टेप लावून निपलांची भोकं हवाबंद करायची.

आधी रिम वाचा
रिमवर ‘एमटी’ असा शिक्का असेल तर बीड (टायरची रिमवर बसणारी कड) बसते त्या जागेच्या आतल्या कडेला बारीक उंचवटा असतो. हवा कमी झाली तरी बीड रिमच्या मधल्या खळग्यात घसरत नाही. ‘डब्ल्यूएम’ असेल तर तो उंचवटा नसतो. शिक्का पुसट असला तर नख फिरवा, लगेच कळतं. इथे मागची रिम एमटी निघाली, पुढची डब्ल्यूएम. पुढच्या चाकात ट्यूब तशीच ठेवली आहे आणि त्यावर वाद नको. वळणावर पुढची बीड सुटली तर सावरायला वेळच मिळत नाही.

पहिला आठवडा
चाकाचा आउट (फिरताना दिसणारा वाकडेपणा) निपल फिरवून सगळ्यात आधी काढा. टेप लावल्यावर निपल फिरवला तर तो टेपखाली फिरतो आणि चिकटलेली जागा सुटते. निपलबाहेर आलेली स्पोकची टोकं कानसीने सपाट केली, नाहीतर ती टेपला आतून भोसकतात. मग पॉलिश पेपर मारून गंज काढला आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसलं. पेट्रोलने पुसू नका, तेलकट थर मागे राहतो.

प्रत्येक निपलवर पॉलियुरेथेन सीलंटचा थेंब, एक दिवस सुकू दिला. त्यावर थ्री एमची 4411एन टेप, 1 मिमी जाडीची, साधारण दीड मीटर. जोड वॉल्व्हच्या बरोबर समोर, 5 सेंमी एकावर एक. टेपची कड बीडच्या जागेवर चढता कामा नये, खळग्यातच राहिली पाहिजे. रोलरने दाबत नेली आणि तीन दिवस हात लावला नाही.

वॉल्व्हसाठी रिम वाढवून ड्रिल करू नका. रबरी ट्यूबलेस वॉल्व्हला 11.3 मिमीचं भोक लागतं, ट्यूबच्या वॉल्व्हचं भोक 8 मिमीच्या आसपास असतं. 8.3 मिमीचा धातूचा, नटाने आवळायचा वॉल्व्ह मिळतो. भोक फार थोडं मोठं करावं लागलं तर गोल कानस पुरते. रिमचा तळ गोलाईचा, म्हणून सपाट वॉशर नीट बसत नाही. आतून गोलाईला जुळणारं रबर घाला.

टायर चढवताना साबणाचं पाणी भरपूर, वॉल्व्हची पिन काढून कॉम्प्रेसर. 40 पीएसआयच्या वर गेलो नाही. तेवढ्यात बीड बसली नाही तर हवा सोडून पुन्हा साबण लावा.

दुसरा आठवडा
रात्री 32 पीएसआय भरले, सकाळी 27. चाक पाण्याच्या टबात फिरवलं तर निपल कोरडे ठणठणीत. बुडबुडे टायरच्या बाजूतून येत होते, साबणाच्या फेसासारखे बारीक, हातभर पट्ट्यात. टीटी टायरमध्ये ट्यूबलेससारखा हवा अडवणारा ब्युटिल रबराचा आतला थर नसतो, आणि बीडलाही हवा धरणारी पातळ कड नसते. रिम कितीही झाकली तरी टायरच श्वास सोडतो. टायरच्या आत 200 मिली पातळ सीलंट (गळती बुजवणारा द्रव) घातल्यावर आठवड्याला 2 पीएसआय इतकी गळती राहिली.

मोजणी रोज एकाच वेळी, गार टायरवर करा. तापमान 10 अंश उतरलं की हवा साधारण दीड पीएसआय कमी दिसते, ती गळती नव्हे.

पाचवा आठवडा
एका रात्रीत 6 पीएसआय गेले. बुडबुडे एकाच स्पोकच्या बुडाशी. तो निपल पुन्हा झाकायची घाई करू नका. टेपखाली शिरलेली हवा खळग्यातून फिरत सगळ्यात सैल निपलमधून बाहेर पडते. खरी चीर पाव चक्कर पुढे सापडली, नखाएवढी, टॉमीचं (टायर चढवायच्या पट्टीचं) टोक लागून पडलेली. सीलंट लागल्यामुळे त्यावर ठिगळ चिकटेना. सगळी टेप खरवडून पुन्हा पहिल्यापासून. टीटी टायरमध्ये सीलंट घालणं भाग पडतं आणि तेच दुरुस्ती महाग करतं.

सध्या
त्याच रिमवर त्याच मापाचा ‘टीएल’ म्हणजे ट्यूबलेस टायर चढवला आहे. सीलंट नाही, आठवड्याला जेमतेम 1 पीएसआय. टीटी टायरवर हा प्रयोग घराजवळच्या फेऱ्यांपुरताच ठीक. कंपन्या तो मान्य करत नाहीत आणि घाटात तर अजिबात नको. 17 ची एक ट्यूब, दोन टॉमी आणि ट्यूबलेस किट गाडीवर कायम आहे. दर महिन्याला स्पोक टिचकी मारून ऐकायचे. एखादा भद्द वाजला, म्हणजे सैल झाला, तर त्या रात्रीची हवा मोजून ठेवायची.