हमखास तीन की कदाचित सात?

अमेरिकन फुटबॉलचं वेड मला भाच्यानं लावलं. तो फिलाडेल्फियात नोकरीला आहे आणि तिथल्या ईगल्स संघाचा कट्टर. तिकडं रविवारी दुपारी एकला सुरू होणारी मॅच आपल्याकडं रात्री साडेदहाला लागते. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागं गेली की साडेअकराला. मला सोमवारी कॉलेजात पहिलाच तास गणिताचा, त्यामुळं मी सहसा अर्धी मॅच बघून झोपते. आमचे हे मात्र शेवटपर्यंत बसतात. यांची लातूरच्या मार्केट यार्डात भुसाराची आडत. खेळाचे नियम निम्मे कळतात, पण मत पक्कं. चेंडू गोल लाइनच्या तोंडाशी आला, तिसऱ्या डाउनला काही जमलं नाही, की यांचं सुरू : "मारा की किक लेकहो, तीन तर पदरात पाडून घ्या!"

मी म्हणते, अजिबात नको. एवढ्या एका गोष्टीवरनं आमच्यात जेवढी वादावादी झाली तेवढी पोरीच्या लग्नातल्या खर्चावरनंसुद्धा झाली नाही.

ज्यांनी हा खेळ बघितलेलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं जायचं. प्रत्येक प्रयत्नाला डाउन म्हणतात. दहा यार्ड झाले की पुन्हा चार डाउन मिळतात. चौथाही फसला तर चेंडू आहे त्या जागेवरून समोरच्या संघाचा. म्हणून चौथ्या डाउनला बहुतेक संघ पायानं काम भागवतात : गोल लाइन लांब असेल तर पंट करून चेंडू दूर धाडायचा, जवळ असेल तर खांबांमधून मारून फिल्ड गोल करायचा. फिल्ड गोलचे तीन गुण. चेंडू एंड झोनमध्ये, म्हणजे गोल लाइनपलीकडच्या पट्ट्यात, नेला तर टचडाउनचे सहा, त्यावर जादा किकचा एक, म्हणजे धरून चाला सातच.

खांब उभे असतात एंड झोनच्या मागच्या कडेला. (1974 च्या आधी एनएफएलमध्ये, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, ते गोल लाइनवरच होते.) तर गोल लाइनपासून दोन यार्डांवरून किक मारायची म्हणजे ते दोन, एंड झोनचे दहा, आणि चेंडू मागं टेकवून धरायला सात-आठ, सगळे मिळून साधारण वीस यार्ड. एनएफएलच्या किकरला हा हातचा मळ. चेंडू मैदानाच्या एका अंगाला पडला होता, ही सबबही तिथं चालत नाही. मैदानावर ज्या दोन खुणांच्या रांगांमधून प्रत्येक डाव सुरू होतो त्यांच्यातलं अंतर 18.5 फूट, म्हणजे खांबांमधल्या अंतराइतकंच. कॉलेजच्या खेळात त्या खुणा 40 फुटांवर असतात, तिथं अगदी जवळची किकसुद्धा अवघड कोनातून मारावी लागते. व्यावसायिक खेळात तो प्रश्नच नाही. तीन गुण हमखास.

आता हिशेब. हमखास तीन एका बाजूला. दुसऱ्या बाजूला सात, पण शक्यतेनं गुणलेले. सातातून तीन यायला शक्यता हवी 3/7, म्हणजे सुमारे 43 टक्के. दोन यार्डांवरून टचडाउन होण्याची शक्यता किती, हे ताडून बघायला खेळानंच एक सोय करून ठेवलीय. टचडाउननंतर कुणाला एकाऐवजी दोन गुण हवे असतील तर चेंडू दोन यार्डांवर ठेवून एकच प्रयत्न मिळतो. हे प्रयत्न साधारण निम्म्याच्या आसपास यशस्वी होतात. म्हणजे नुसत्या गुणांच्या तागडीतही टचडाउनचं पारडं थोडं जडच.

बर्कलीचे अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रोमर यांनी हेच उदाहरण घेतलं होतं. त्यांचा लेख 2006 मध्ये 'जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी'त आला. त्यांनी 1998 ते 2000 या तीन हंगामांतल्या मॅचचे फक्त पहिले क्वार्टर, म्हणजे पहिला पाव भाग, घेतले, कारण तेव्हा कोण किती पुढं आहे, वेळ किती उरलाय याची लुडबुड नसते. आणि चौथ्या डाउनला खेळायची हिंमतच फारसं कुणी करत नसल्यामुळं त्यांनी तिसऱ्या डाउनच्या आकड्यांवरून अंदाज बांधला. ही युक्ती मला फार आवडली. जे घडतच नाही त्याचं मोजमाप शेजारच्या घरातून उसनं आणायचं. दोन यार्डांवर त्यांनी शक्यता धरली ती बरोबर 3/7. दोन्ही पारडी सारखी. आणि मग त्यांनी विचारलं, फसल्यावर चेंडू असतो कुठं?

खरी मेख इथं आहे, आणि ह्यांना ती पटवायला मला वही काढावी लागली.

तुम्ही तीन घ्या नाहीतर सात, त्यानंतर चेंडू समोरच्याला मारून द्यायचा असतो आणि तो साधारण तिसाव्या यार्डाच्या आसपास आपला डाव सुरू करतो. पण दोन यार्डांवर तुमचा प्रयत्न फसला तर त्याला सुरुवात करावी लागते त्याच्याच दोन यार्डांवरून. पुढं 98 यार्ड, मागं भिंत. त्याचा क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा आणि चेंडू फेकणारा गडी, स्वतःच्याच एंड झोनमध्ये पाय रोवून उभा. तिथं त्याला पाडलं की सेफ्टी : दोन गुण तुम्हाला, वर चेंडूही तुम्हाला. बहुतेक वेळा एवढं होत नाही, पण तो तीन डाउन कसेबसे खेळून पंट करतो आणि तुम्हाला चेंडू मैदानाच्या मधल्या टापूत परत मिळतो. म्हणजे फसलेल्या प्रयत्नाची किंमत शून्य नाही. समजा ती दीड गुण धरली. मग किती शक्यता पुरेल? सात गुणिले शक्यता, अधिक दीड गुणिले उरलेली शक्यता, बरोबर तीन. सोडवा. 27 टक्के येतात. 43 वरून थेट 27! दीडचा आकडा मी सोयीसाठी घेतलाय. एक धरा, उत्तर 33 टक्के येईल. तरी निम्म्याच्या खूप खाली.

आमच्या भागात ट्यूशनची पोरं खोल्या करून राहतात, जेईई आणि नीटची. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा. ह्या मायनस मार्किंगचा त्यांनी इतका धसका घेतलेला असतो की दोन पर्याय खोडून झाले तरी पोरं प्रश्न कोरा सोडतात. खरं तर दोनातून एक निवडायचा तर सरासरी दीड गुण पदरात पडतो. घरून बजावून पाठवलेलं असतं, 'नाही येत तर सोडून दे.' गोल लाइनवरच्या कोचची तऱ्हा तीच, फक्त त्याला चुकल्याचा वजा एकही बसत नाही. उलट चुकूनही काहीतरी मिळतं. तरी तो कोरा सोडतो.

वही मिटली तशी ह्यांनी विचारलं, "मग ते कोच काय येडे हायेत का? कोटीनं पगार घेत्यात."

प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की कोचचं गणित गुणांचं नसतं, खापराचं असतं. किक मारून मॅच हरली तर हरला तो संघ. चौथ्या डाउनला जाऊन फसलं आणि मॅच हरली तर हरवली ती कोचनं. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर तीच एक चाल शंभरदा दाखवतात. डेट्रॉइट लायन्सच्या डॅन कॅम्पबेल यांचं तेच झालं. जानेवारी 2024 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध मध्यंतराला 24-7 नं पुढं असताना लायन्स 34-31 नं हरले. उत्तरार्धात दोनदा किकच्या टप्प्यात असूनही कॅम्पबेल यांनी चौथा डाउन खेळायला लावला आणि दोन्हीदा फसलं. मग काय, अविचारी, जुगारी, सगळी विशेषणं लागली.

पण त्याच मॅचमध्ये मध्यंतराला काही सेकंद उरलेले असताना लायन्स तीन यार्डांवर होते, चौथा डाउन, आणि ह्याच 'जुगारी' कोचनं मुकाट किक मारून तीन गुण घेतले. ते बरोबर होतं असं मला वाटतं, आणि कारण वरच्याच हिशेबात आहे. हाफ संपत आला की फसलेल्या प्रयत्नाची ती दीड गुणाची शिल्लक उरत नाही. समोरच्याला दोन यार्डांवर कोंडून काय उपयोग, घड्याळच थांबणार. मग हिशेब पुन्हा 43 टक्क्यांवर येतो, आणि तीन यार्डांवर तेवढी शक्यता मला तरी दिसत नाही. गोल लाइन जवळ आली की काम सोपं होतं हा भ्रम आहे. बचाव करणाऱ्यांना मागं लांबवर राखण ठेवावी लागत नाही, सगळे अकरा जण त्या टीचभर पट्ट्यात दाटीवाटीनं उभे राहतात. पळवाट बुजलेली असते.

ह्याच न्यायानं बघितलं तर भाच्याचा लाडका प्रसंग, 'फिली स्पेशल', जरा अडचणीचा आहे. 4 फेब्रुवारी 2018, मिनियापोलिसचा सुपर बोल, म्हणजे एनएफएलची अंतिम मॅच, आपल्याकडं सोमवारची पहाट. ईगल्स पेट्रियट्सविरुद्ध 15-12 नं पुढं, हाफ संपायला 38 सेकंद, एक यार्ड, चौथा डाउन. ईगल्सचे कोच डग पीडरसन यांनी किक नाकारली. चेंडू थेट कोरी क्लेमेंटकडं गेला, त्यानं ट्रे बर्टनला दिला, आणि बर्टननं तो टाकला चक्क क्वार्टरबॅक निक फोल्सकडं, जो कुणाचं लक्ष नसताना कडेनं एंड झोनमध्ये सटकला होता. टचडाउन. ईगल्स 41-33 नं जिंकले. भाचा म्हणतो, "बघ आत्या, हिंमत!" मी म्हणते, बाळा, 38 सेकंद म्हणजे कोंडण्याचा फायदा नाममात्र, हिंमत त्यामुळंच मोठी. पण एक यार्ड आणि तीन यार्ड यांत जमीन-अस्मानाचा फरक. एका यार्डावर निम्म्याहून जास्त वेळा जमतं, तिथं 43 सहज ओलांडले जातात. निर्णय बरोबरच होता, पण तो म्हणतो त्या कारणानं नव्हे.

माझ्या बाजूच्या हिशेबाला तडा जाणारा प्रसंगही सांगते, नाहीतर हे कमेंटमध्ये येऊन सांगतील. 2 ऑक्टोबर 2022, बाल्टिमोर विरुद्ध बफेलो, 20-20 बरोबरी, शेवटची काही मिनिटं. बाल्टिमोरचा चौथा डाउन दोन यार्डांवर. जॉन हार्बो यांनी किक न मारता खेळायला लावलं. लमार जॅक्सननं फेकलेला चेंडू बफेलोच्या जॉर्डन पॉयरनं एंड झोनमध्येच पकडला. आता गंमत बघा. चेंडू जमिनीवर पडला असता तर बफेलो दोन यार्डांवर अडकला असता. एंड झोनमध्ये झेलला म्हणून टचबॅक, आणि सुरुवात 20 यार्डांवरून. कोंडण्याचा सगळा डाव एका झेलात मोकळा. बफेलोनं तिथून पुढं सरकत अगदी शेवटी फिल्ड गोल मारला, 23-20. हे त्या दिवशी जे हसले! मी एवढंच म्हणाले की चौथ्या डाउनला फेक वरून हवेत टांगू नये. खाली, आपल्याच माणसाला मिळेल नाहीतर कुणालाच नाही अशी.

यांच्या बाजूचं उलटं उदाहरण ग्रीन बेचं, 24 जानेवारी 2021. टॅम्पा बे 31-23 नं पुढं, ग्रीन बे आठ यार्डांवर, चौथा डाउन, दोन मिनिटांहून किंचित जास्त वेळ. आठ गुणांची पिछाडी. मॅट लाफ्लूर यांनी किक मारली. 31-26. म्हणजे तीन गुण घेऊनही जिंकायला टचडाउन लागणारच होता, आणि चेंडू दिला टॅम्पाचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीच्या हातात. ग्रीन बेचा क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सला तो परत दिसलाच नाही. आठ यार्ड लांब पडतात हे मला मान्य. पण फसलं असतं तर टॅम्पा स्वतःच्या आठ यार्डांवर असता, आणि त्याला रोखणं दोन्हीकडून भागच होतं. ह्या मॅचवर हे गप्प बसतात. नंतर म्हणतात, "लाफ्लूरकडं घड्याळ थांबवायला तीन टाइमआउट होते ना." होते. खरं आहे.

ईगल्सचं म्हणाल तर एका यार्डावर त्यांना हिशेब लागतच नाही. क्वार्टरबॅक खाली वाकून घुसतो आणि मागचे दोघे-तिघे त्याला ढुंगणाला धरून ढकलतात; 'टश पुश' म्हणतात त्याला. इतकं हमखास चालतं की मे 2025 मध्ये ते बंद करायचा ठराव आला होता. संघांची 24 मतं लागत होती, 22 पडली. ठराव आणला होता ग्रीन बेनं.

आणि आता नियमच बदललेत. किकऑफ, म्हणजे गुण झाल्यावर समोरच्याला चेंडू द्यायची किक, थेट एंड झोनमध्ये गेली तर समोरच्याला 2023 पर्यंत 25 यार्डांवरून सुरुवात मिळायची. 2024 ला ती 30 झाली, 2025 ला 35. म्हणजे गुण घेतल्यावर समोरच्याला पूर्वीपेक्षा पुढून चेंडू मिळतो, आणि दोन यार्डांवर कोंडणं तेवढंच महागमोलाचं होतं. माझा दीड गुण बहुतेक वाढवावा लागेल. परवा हे ह्यांना सांगितलं तर हातातलं तुरीचं सॅम्पल ताटलीत पसरत म्हणाले, "बरं, दोन यार्डांवर जाऊ दे. तीनवर किक." मी म्हणाले, पहिल्या क्वार्टरमध्ये तीनवरसुद्धा नाही. ते म्हणाले, "मग पाचवर?"

पाचवर मीही किक मारीन.