मोजणी जुळत नसेल तर ते मोठ्याने सांगावे लागते

ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) प्रशिक्षणासाठी आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक विद्यार्थिनींचा हात लवकर बसतो. स्क्रबिंग (शस्त्रक्रियेआधी हात निर्जंतुक करणे), ट्रॉली मांडणे, कोकर आणि ॲलिस या चिमट्यांतला फरक ओळखणे या गोष्टी सरावाने जमतात, आणि लॉगबुकात त्यांच्यापुढे सही करणेही सोपे असते. अवघड असते ते टेबलावर काय चालले आहे याचे भान, पुढे काय मागितले जाईल याचा अंदाज आणि शंका आली तर ती बोलून दाखवण्याची तयारी तपासणे.

स्कॉटलंडमधील ॲबर्डीन विद्यापीठात स्क्रब नर्ससाठी, म्हणजे टेबलापाशी सर्जनना हत्यारे देणाऱ्या नर्ससाठी, तयार झालेली ‘स्प्लिंट्स’ ही पद्धत अशा कौशल्यांचे तीन गट करते: परिस्थितीचे भान, संवाद व सांघिक काम, आणि कामाचे व्यवस्थापन. मला तिचा खरा उपयोग वाटतो तो तिच्या शिस्तीमुळे, कारण ‘मुलगी बुजरी आहे’ असला शेरा तिच्यात बसत नाही. ती काय करताना दिसली आणि काय बोलली, तेवढेच नोंदवायचे असते.

बेळगावात यात भाषेचीही भर पडते. सर्जन भूलतज्ज्ञांशी इंग्रजीत आणि वॉर्डबॉयशी कन्नडमध्ये बोलतात, सर्क्युलेटिंग सिस्टर (टेबलाबाहेरून सामान पुरवणाऱ्या) बऱ्याचदा केरळच्या असतात, आणि खानापूर किंवा निपाणीकडच्या मराठी शाळेतून आलेली मुलगी मनातल्या मनात वाक्य जुळवत असते. तिच्या गप्प राहण्याला आपण नम्रपणा समजतो, ही पर्यवेक्षकांची जुनी खोड आहे. म्हणून केस सुरू होण्याआधीच मी, रक्त टिपायचे कापड (मॉप) आत राहू नये यासाठीच्या मोजणीचे (काउंटचे), ठरावीक वाक्य मोठ्याने म्हणवून घेते: ‘सर, काउंट जुळत नाही, एक मॉप कमी आहे.’ उत्तर मिळाले नाही तर तेच पुन्हा, आणि तरीही नाही तर भूलतज्ज्ञांना उद्देशून.

मध्यंतरी एका लॅपरोटॉमीत (पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत) पोट बंद करण्यासाठी सर्जननी हात पुढे केला, तेव्हा विद्यार्थिनीने नीडल होल्डर (टाक्याची सुई धरायचा चिमटा) ट्रॉलीवरच ठेवून हे वाक्य म्हटले. हात तसाच पुढे राहिला. तिने ते दुसऱ्यांदा म्हटले, आणि सर थांबले. हरवलेला मॉप बादलीत दुसऱ्या रक्ताळलेल्या मॉपला चिकटलेला सापडला; सापडला नसता तर एक्स-रे काढावा लागला असता. नंतर चेंजिंग रूममध्ये शाबासकी देण्याआधी मी विचारले, ‘नीडल होल्डर द्यायचा नाही, हे केव्हा ठरवलेस?’ ती म्हणाली, ‘मॅडम, बोर्डवर दहा लिहिले होते, मला नऊच दिसत होते. एकदा टाके सुरू झाले असते तर माझे कोणी ऐकले नसते.’ परिस्थितीचे भान आणि पुढचा अंदाज हे दोन्ही त्या उत्तरात होते; नुसते ‘छान केलेस’ म्हटले असते, तर मला ते कळले नसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या सुरक्षा यादीत छेद घेण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावे, असे कलम आहे. घाईत सर्वांत आधी वगळले जाते ते हेच, आणि वगळले नाही तरी विद्यार्थिनीची पाळी येईपर्यंत ब्लेड मागितलेले असते. माझ्या विद्यार्थिनीने नाव सांगितल्याखेरीज ते ब्लेड पुढे जाऊ नये, असा माझा आग्रह असतो. काही सर्जनना तो जाच वाटतो. त्यांच्याकडे माझी आणखी एक मागणी आहे: तिने काउंट सांगितला की मान हलवण्याऐवजी, मास्कआडून का होईना, ‘ऐकले’ म्हणावे.