तुम्ही विचारलंत म्हणून: प्रिंट काळपट का येते?

“स्क्रीनवर फोटो इतका सुरेख दिसतो, मग प्रिंट हातात आली की काळपट का वाटते?” हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की एकदा सगळं नीट लिहून काढायचं ठरवलं. विचारणाऱ्याचा संशय बहुधा प्रिंटरवर किंवा लॅबवाल्यावर असतो. कधी कधी तो खराही ठरतो. पण बहुतेक वेळा स्क्रीनच गरजेपेक्षा जास्त उजळ ठेवलेली असते.

हे मला आजीच्या एका फोटोनं शिकवलं. ती खिडकीशी बसलीय आणि अंगावर तिनंच विणलेली गडद तपकिरी शाल आहे. रात्री खोलीतला दिवा मालवून मी त्या फोटोवर काम केलं. स्क्रीनवर शालीचा टाका न् टाका दिसत होता. प्रिंट आली तेव्हा चेहरा ठीक होता, पण शालीच्या जागी नुसता काळा डबका. मी फार खट्टू झालो. आजीनं मात्र प्रिंट उचलली, खिडकीशी नेली, तिरपी धरली आणि म्हणाली, “दिसतेय की शाल!” खरंच दिसत होती. शाई टाके घेऊन आली होती, ते दिसायला पुरेसा उजेड नव्हता.

स्क्रीन स्वतःच्या उजेडानं दिसते. कागदाला स्वतःचा उजेड नाही, त्याच्यावर जेवढा पडेल त्यातलाच थोडा तो परत देतो. बरेच मॉनिटर कारखान्यातून येतानाच 250 ते 300 कॅन्डेला प्रति चौरस मीटर (स्क्रीनच्या उजळपणाचं माप) इतके प्रखर ठेवलेले असतात, तर प्रिंटसाठी फोटो तयार करताना साधारण 80 ते 120 पुरतात. अशा झगझगीत स्क्रीनवर आपण फोटो नकळत गडद करत नेतो, कारण डोळ्यांना तो तसाच बरा वाटतो. मग तो गडदपणा तस्साच कागदावर उतरतो.

एक गोष्ट आजच करून बघा. स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा आणि शेजारी एक कोरा कागद धरा, ज्या उजेडात तुम्ही प्रिंट बघता त्याच उजेडात. स्क्रीन ट्यूबलाइटसारखी आणि कागद मळकट दिसत असेल, तर दोन्ही पांढरे जवळजवळ सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवत जा. पहिले दोन दिवस स्क्रीन मेलेली वाटेल, मग डोळे सरावतात. रात्री आपोआप पिवळी होणारी सोय फोटोवर काम करताना बंदच ठेवा.

उजेडाचं माप किती महत्त्वाचं आहे, ते छपाईच्या धंद्याला केव्हाच कळलंय. आयएसओ 3664 या आंतरराष्ट्रीय मानकात प्रिंट काटेकोर ताडून बघायला 2000 लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) आणि नेहमीच्या परिस्थितीत ती कशी दिसेल ते जोखायला 500 लक्स सांगितलाय, तोही 5000 केल्विनच्या आसपासच्या पांढऱ्या प्रकाशाचा. केल्विन म्हणजे पांढरा किती पिवळट किंवा निळसर, ते सांगणारं माप. घरात संध्याकाळी याच्या कितीतरी कमी उजेड असतो. म्हणून प्रिंट ‘बरोबर’ आली का, हा प्रश्न कुठल्या दिव्याखाली, हे सांगितल्याशिवाय पुरा होत नाही.

रंगांचं दुखणं वेगळं. त्यासाठी कॅलिब्रेटर घ्या, म्हणजे स्क्रीनवर टेकवून रंग मोजणारं ते छोटं यंत्र. पांढरा 6500 केल्विन आणि गॅमा (काळ्या-पांढऱ्यामधल्या छटा किती उजळ दिसाव्यात, ते ठरवणारा आकडा) 2.2 इथून सुरुवात करा. हे काम नजरेनं होत नाही, कारण आपले डोळे पिवळट पांढऱ्यालाही थोड्या वेळात पांढरंच मानू लागतात. पण कॅलिब्रेटर फक्त स्क्रीनला खरं बोलायला लावतो. कागदाला जे जमत नाही, ते तोही करून देऊ शकत नाही. गोकर्णीच्या फुलाचा तो गर्द, आतून पेटल्यासारखा निळा स्क्रीन दाखवते, शाईला मात्र तो बरेचदा गाठता येत नाही. मग निळा मंद होतो नाहीतर जांभळ्याकडे झुकतो. मॅट कागदावर काळाही चकचकीत कागदाइतका खोल जात नाही.

हे आधीच बघायची सोय म्हणजे सॉफ्ट प्रूफ. त्या कागदाचं आणि प्रिंटरचं प्रोफाइल, म्हणजे त्यांच्यावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल, निवडलं की फोटो छापल्यावर कसा दिसेल याचा अंदाज स्क्रीनवरच मिळतो. कागदाचा पांढरा दाखवणारा पर्याय लावला की फोटो एकदम मरगळतो. म्हणून बटण दाबताना मी नजर दुसरीकडे वळवतो आणि दोन-चार क्षणांनी बघतो. आधीचा फोटो डोळ्यांत राहिला नाही, की तो अंदाज पटतो.

घरच्या प्रिंटरवर सगळं गुलाबी-जांभळट येत असेल, तर आधी सेटिंग तपासा. रंग सांभाळायचं काम फोटोचं सॉफ्टवेअर आणि प्रिंटरचा ड्रायव्हर (कॉम्प्युटरवरून प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) दोघंही करत असतील, तर दुरुस्ती दोनदा होते. एकाला बंद करा. लॅबला फाइल देताना त्यांनी वेगळं काही सांगितलं नसेल तर एसआरजीबी या सगळीकडे चालणाऱ्या रंगपद्धतीतच द्या, आणि त्यांच्याकडची आपोआप होणारी दुरुस्ती बंद ठेवायला सांगा. नाहीतर तुम्ही मुद्दाम गडद ठेवलेली संध्याकाळ ते दुपारसारखी करून देतील. इंकजेटची प्रिंट रात्रभर वाळू द्या, मग रंगांबद्दल बोला.

एवढं करूनही मोठी प्रिंट मी एकदम काढत नाही. फोटोतला सगळ्यात अवघड तुकडा घेतो, तीन वेगवेगळ्या उजळपणांत छोट्या कागदावर छापतो आणि जिथे फोटो लागणार त्याच भिंतीवर चिकटवून दिवसा आणि रात्री बघतो. आजीचा फोटो पॅसेजमध्ये लागायचा होता, तिथे उजेड कमी. म्हणून तिन्हींतला सगळ्यात उजळ निवडला. ती फाइल आज स्क्रीनवर उघडली तर जरा फिकटच वाटते. पॅसेजमध्ये मात्र शालीचे टाके मोजता येतात.